एकाच फाईलवर दोन कामं

मंडळी, सकाळी पवनारच्या घरून कॉलेजच्या सर्व्हरवर प्रबंधाचं सिम्युलेशन सुरू केलं आणि लॅपटॉप मिटला. अशा लांब कामाच्या कमांडआधी 'नोहप' लिहिलं की आपण निघून गेलो तरी काम मागे चालू राहतं.

पण मी ते लिहिलं होतं का? आठवेना. संध्याकाळी प्रबंधाच्या मार्गदर्शक मॅडमना आकडे द्यायचे होते. चालू कामांची यादी पाहायचं घाईत सुचलंच नाही. खात्रीसाठी तेच काम नोहप लिहून पुन्हा सुरू केलं.

दुपारी आकड्यांची फाईल उघडली. पहिलंही काम चालूच होतं. दोन्ही एकाच फाईलमध्ये लिहीत होती, कुठली ओळ कोणाची ते कळेना.

लहानपणी मला घरीच पाटीवर गणित शिकवणारे बाबा हे ऐकून म्हणाले, "दुसऱ्यांदा करतं त पाटीच्या मांगच्या बाजूनं करजो, सांगितलं होतं ना तुले?"

"होतं."

"मंग पुस अन् नव्यानं मांड."

दोन्ही थांबवली, फाईल पुसली, पुन्हा सुरू केलं. मॅडमकडून उद्यापर्यंत वेळ मागून घेतला. यावेळी नोहप लिहिलंय, दोनदा वाचलंय. तरी हात लॅपटॉपकडेच जातोय. काम मागे चालू असताना तुम्ही स्वतःला कुठे गुंतवता?