तांब्याचा जुना वायसर

हाताला डिझेलचा वास लागला की आमची जुनी जीप आठवते. नृसिंहवाडीला जायचं म्हणून सगळं घर तिच्यात बसलं होतं आणि ती सुरू होऊन लगेच बंद पडत होती. डिझेल फिल्टर आदल्या दिवशी मीच बदलला होता. घरातला पहिला पदवीधर, तोही मेकॅनिकलचा, म्हणून मी ठासून सांगितलं, "पंप गेलाय, खोलायला लागंल." वडील मात्र दहावीनंतर गॅरेजात गेलेल्या धाकट्या भावाला म्हणाले, "तू बघ रं." मी हातातला पाना खाली टाकून बाजूला झालो. त्यानं फिल्टरच्या जोडावर, तांब्याच्या वॉशरपाशी बोट फिरवलं, ओलं झालेलं बोट मला दाखवलं आणि हळूच म्हणाला, "दादा, फिल्टर नवा घातलास, पण वायसर जुनाच ठेवलास की. तांब्याचा वायसर एकदा आवळला की परत नीट बसत न्हाय. डिझेलात हवा ओढतोय, म्हणून गाडी बंद पडतीया." नवा वायसर घालून त्यानं हातपंपानं डिझेलच्या नळीतली हवा काढली आणि चावी फिरवली. गाडी सुरू झाली. "काय झालतं रं?" वडलांनी विचारलं. "दादानंच वळखलं, वायसर गेलता," तो म्हणाला. वडील हसले, पण त्याच्याकडं बघून. त्यांना सगळं कळलं होतं. त्यानं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. आज पावण्यांपुढं तो माझ्या शिक्षणाचं तोंड भरून कौतुक करतो. त्या दिवशी त्यानं चावी फिरवली तेव्हा गाडी सुरू होऊ नये म्हणून मी देवाचा धावा करत होतो, हे त्याला सांगायचं धाडस मला अजून झालेलं नाही.