डहाणूचं जादूघर आणि उधव्याचे डॉक्टर

मागच्या खेपेला डहाणूहून परतताना एक कौलारू बंगला दिसला होता. गेटला कुलूप, आवारात चिकूची दोन म्हातारी झाडं आणि दर्शनी भिंतीवर चुन्यात कोरलेलं एक चिन्ह: गवंड्याचा काटकोनी गुण्या आणि कर्कटक, एकमेकांवर आडवेतिडवे ठेवलेले. समोरच्या पानवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "जादूघर आहे मॅडम." त्यापुढे त्यालाही काही ठाऊक नव्हतं. घरी येऊन फोटोसकट दोन ओळी ब्लॉगवर टाकल्या आणि विसरून गेले.

काही महिन्यांनी त्या फोटोखाली एक प्रतिक्रिया आली. "तो फ्रीमेसन लोकांचा लॉज आहे. मी त्याचा सभासद आहे. जानेवारीत नवीन मास्टर खुर्चीवर बसतो, त्या दिवशी घरच्यांना आणि पाहुण्यांना बोलावतात. सभेत बसता येणार नाही, पण वास्तू दाखवेन. अवश्य या." खाली नाव होतं, डॉ. देवजी वरठा, उधवा.

तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेल्या बाईला असं आमंत्रण आल्यावर ती घरी बसेल का? माझा नवरा अविनाश समुद्र आणि मासे यांच्या आशेवर लगेच तयार झाला. शनिवारी पहाटे आम्ही नाशिकहून गाडी काढली.

ज्यांना या वाटेने जायचंय त्यांच्यासाठी सांगते. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत कासा आणि चारोटी गाठायचं. घाट वळणावळणाचा आहे, रस्ता मधूनमधून उखडलेला, पण थंडीत सकाळी धुकं खाली दरीत साचलेलं असतं आणि आपण त्याच्या वरून जात असतो, त्यामुळे कुरकुर करावीशी वाटत नाही. जव्हारला मिसळ खाल्ली. चारोटीला मुंबई-अहमदाबाद हायवे लागतो. डहाणूचा रस्ता तिथून सरळ पुढे जातो. आम्ही मात्र आधी डॉक्टरांना भेटायचं म्हणून उजवीकडे तलासरीला वळलो. या दिवसांत हायवेच्या कडेला उंबाडियूचे स्टॉल लागतात. पापडी, कंद, रताळी असं सगळं मडक्यात भरून, तोंडाला पाला कोंबून, मडकं उलटं करून भाजतात. हिरव्या चटणीबरोबर खायचं. अविनाशने दुसऱ्यांदा मागवलं, तेव्हा मला त्याला उठवावं लागलं.

डॉक्टरांचा दवाखाना उधव्याच्या बाजारात आहे. बाहेर बाकांवर बाया, म्हातारे बसलेले, आतून वारली, मराठी आणि गुजराती अशा तिन्ही भाषा एकाच आवाजात ऐकू येत होत्या. तो आवाज डॉक्टरांचाच. पन्नाशीचा, किडकिडीत, हसताना डोळे मिटणारा माणूस. शेवटचा रुग्ण गेल्यावर त्यांनी आम्हाला मागच्या घरात नेलं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुका बोंबील असं जेवण होतं. जेवताना मी सरळच विचारलं की उधव्याचा वारली डॉक्टर या जादूघरात कसा पोचला.

त्यांनी जे सांगितलं ते असं. डहाणूचे एक इराणी बागायतदार, शेहरियारकाका, कित्येक वर्षं लॉजचे मास्टर होते. मास्टर म्हणजे अध्यक्ष म्हणा. उधव्याजवळच्या वाडीवरच्या मजुरांना ते स्वतः गाडीत घालून दवाखान्यात आणायचे. त्यातून दोघांची ओळख झाली, मग मैत्री. एक दिवस त्यांनी विचारलं, आमच्यात येणार का? फ्रीमेसन म्हणजे काय, हे डॉक्टरांनाही तेव्हा धड माहीत नव्हतं. पूर्वीच्या गवंड्यांच्या संघटनेवरून निघालेली ही मंडळी. गवंड्यांची अवजारं घेऊन माणसानं सरळ कसं वागावं हे शिकवतात, दानधर्म करतात. देव मानला पाहिजे, कोणता ते विचारत नाहीत. सभेत राजकारण आणि धर्म यांवर बोलायचं नाही, हा नियम. डॉक्टर हो म्हणाले.

अडचण आली ती शपथेची. प्रत्येकानं आपापल्या धर्मग्रंथावर हात ठेवून शपथ घ्यायची असते. टेबलावर पारशांचा अवेस्ता, गीता, कुराण, बायबल शेजारी शेजारी मांडलेले. डॉक्टरांना विचारलं, तुमचं पुस्तक कोणतं?

"गीतेवर हात ठेवला असता तर काहीच प्रश्न नव्हता," डॉक्टर म्हणाले. "घरी गणपती बसतो आमच्या. पण खरं सांगू का ताई, माझ्या बापाला कुणी खरं-खोटं करायला लावलं, की तो भाताचं कणीस हातात घ्यायचा. कणसरी आमची देवी, धान्याची. तिच्यावर हात ठेवून तो खोटं बोलला नसता. माझं पुस्तक तेच होतं."

शेहरियारकाकांनी मास्टर म्हणून निर्णय दिला: चालेल. ग्रंथांच्या शेजारी पितळी ताटलीत भाताची कणसं ठेवली गेली आणि डॉक्टरांनी त्यावर शपथ घेतली. दुसऱ्याच सभेपासून वसंतकाका यायचे बंद झाले. वसंतकाका म्हणजे लॉजचे त्याआधीचे मास्टर, निवृत्त मुख्याध्यापक, किनाऱ्यावरच्या जुन्या बागायतदार घराण्यातले. त्यांचं म्हणणं एवढंच की नियमात ग्रंथ म्हटलंय. नियम वाकवायचा होता तर सगळ्यांना विचारून वाकवायचा.

गेल्या पावसाळ्यात शेहरियारकाका गेले. उरलेल्या मोजक्या सभासदांनी डॉक्टरांना मास्टर निवडलं. पण नव्या मास्टरला खुर्चीवर बसवायचं ते जुन्या मास्टरनं. आणि या लॉजचे हयात असलेले जुने मास्टर एकच, वसंतकाका. मुंबईचे वरिष्ठ म्हणाले, आमच्यातला एखादा येईल, त्यात काय? शिवाय इतक्या थोड्या माणसांत स्वतंत्र लॉज चालवण्यापेक्षा मुंबईच्या एखाद्या लॉजमध्ये सामील व्हा. डॉक्टर वसंतकाकांच्या घरी गेले, चहा प्याले, विनंती केली.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"बघतो म्हणाले."

तलासरीहून आम्ही वेवजीमार्गे आतल्या रस्त्यानं किनाऱ्याकडे निघालो. या भागात मोबाइल आधी गुजरातमध्ये स्वागत करतो, दहा मिनिटांनी महाराष्ट्रात, आणि पुन्हा गुजरातमध्ये. ताडांच्या रांगा, मग बोर्डीची सुरूची झाडं, मग चिकूच्या वाड्या. राहायची सोय डॉक्टरांनीच सांगितली होती. शेहरियारकाकांच्या पत्नी, गुलबानूआंटी, वाडीतल्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात. भाडं जेवणासकट आमच्याकडच्या बऱ्या हॉटेलाइतकं, आणि जेवण असं की हॉटेलवाल्यांनी येऊन शिकावं.

रविवारी सकाळी आंटीच आम्हाला लॉज दाखवायला घेऊन आल्या. डॉक्टर दार उघडून उभे होते. आत काळ्या-पांढऱ्या चौकोनांची फरशी, तीन दिशांना तीन उंच खुर्च्या, छतावर निळ्या रंगात काढलेले, आता पोपडे धरलेले तारे. कवटी नाही, बोकड नाही. दोन्हींबद्दल गावात ऐकायला मिळतं. पूर्वेच्या खुर्चीवर मास्टर बसतो, त्याच्या गळ्यात गुण्या असतो. इतर दोघांच्या गळ्यात पाणसळ आणि ओळंबा. माझे सासरे बांधकाम खात्यात होते. ही अवजारं चांदीची होऊन गळ्यात लटकलेली पाहून त्यांना काय वाटलं असतं, असं मनात आलं.

भिंतीवर सागवानी फळ्यांवर मास्टरांची नावं सोनेरी अक्षरांत. सुरुवातीला सगळे इंग्रज: रेल्वेचे, जंगल खात्याचे. मग पारशी, इराणी, हिंदू, बोहरी. तेव्हा सभा पौर्णिमेच्या आसपास ठेवत, कारण वाडीवाडीहून बैलगाड्या चांदण्यात परत जायच्या. पहिला भारतीय मास्टर रेल्वेतला कारकून होता आणि त्याचा ऑफिसातला साहेब याच लॉजचा सभासद. आंटींनी त्यांच्या सासऱ्यांकडून ऐकलेलं की त्या संध्याकाळी साहेबानं उठून कारकुनाला मान दिला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात कारकून पुन्हा उभा आणि साहेब बसलेला. "पन दोघाला माहीत होता ना," आंटी म्हणाल्या.

दुपारी मंडळी जमली. काळे कोट, हातात चपट्या पेट्या, त्यात सभेत कमरेला बांधायचे गवंड्यांसारखे एप्रन. मुंबईहून दोघे वरिष्ठ आले होते. वसंतकाका नव्हते. डॉक्टर दोनदा गेटपर्यंत जाऊन आले. मग कोणीतरी घड्याळ दाखवलं, सगळे आत गेले आणि दार लागलं. दारासमोर एक सभासद हातात तलवार घेऊन उभा राहिला. हा पहारेकरी. तलवार दिसायला खरी होती, पहारेकरी मात्र डहाणूतला औषधांचा दुकानदार होता आणि त्यानं आम्हाला खुर्च्या आणून दिल्या.

आम्ही व्हरांड्यात बसलो. आंटी, डॉक्टरांची बायको, मी आणि अविनाश. मी आंटींना विचारलं की आत काय चालतं हे जाणून घ्यावंसं कधी वाटलं नाही का.

"लग्न होऊन आले तवापासून हितेच बसते मी," त्या म्हणाल्या. "आत काय होते, मला नाय माहीत. जेवण कवा लागणार ते पक्कं माहीत असते."

तेवढ्यात गेटशी रिक्षा थांबली. एक उंच, वाकलेले गृहस्थ उतरले. काळा कोट, हातात पेटी. डॉक्टरांच्या बायकोनं माझा हात घट्ट धरला, त्यावरून मी ओळखलं. वसंतकाका पायऱ्या चढून आले आणि आंटींसमोर थांबले. शेहरियारकाका गेल्यावर ते भेटायलाही आले नव्हते, हे आंटींनी मला सकाळीच सांगितलं होतं.

"भाभी, मला धानाचा राग नव्हता," ते म्हणाले. "शेहरियारनं मला विचारलं नाही, त्याचा होता."

आंटींनी त्यांच्याकडे बघितलं. "तो विचारणार होता, वसंत. तू यायचाच बंद झाला."

 वसंतकाका पेटी उघडून एप्रन बांधायला लागले, पण बोटांना गाठ जमेना. आंटी उठल्या आणि त्यांनी मागून ती बांधून दिली. मग पहारेकऱ्यानं तलवारीच्या मुठीनं दारावर ठोके दिले. आतून ठोके आले. दार थोडं उघडलं, काहीतरी हळू बोलणं झालं, आणि वसंतकाका आत गेले.

पुढचा सगळा वेळ आम्ही एका बंद दाराकडे बघत बसलो. मध्येच आत पूर्ण शांतता झाली. आंटीसुद्धा ताठ बसल्या. मग टाळ्या वाजल्या. डॉक्टरांची बायको पदरात तोंड लपवून रडली.

जेवण आवारातच होतं. धानसाक, कचुंबर, चिकूचं आइस्क्रीम. डॉक्टरांच्या गळ्यात चांदीचा गुण्या होता, आणि तो ते सारखे नीट करत होते. सांगता येण्यासारखं असेल तर सांगा, मी म्हटलं.  सभेतल्या विधींबद्दल बोलता येणार नाही, पण एक गोष्ट विधीतली नव्हती, ती सांगतो म्हणाले.

शपथेची वेळ आली. ताटली पुढे आली. वसंतकाका थांबले आणि सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं: या धान्यावर हात ठेवून तुम्ही जे बोलाल, ते तुमच्या मनाला बांधून राहील, असं तुम्ही मानता का?

"शेहरियारकाकांनी हे कधी विचारलं नव्हतं," डॉक्टर म्हणाले. "त्यांनी डोळे झाकून विश्वास ठेवला. त्यांचे उपकारच आहेत. पण इतकी वर्षं मला वाटायचं, मला सवलत मिळालीय. आज कुणीतरी विचारलं. मी हो म्हटलं. आता ती सवलत राहिली नाही."

वसंतकाका टेबलाच्या टोकाला हळूहळू जेवत होते. मी जाऊन बसले. निवृत्त शिक्षकाला निवृत्त शिक्षिका ओळखू येतेच. तुमचं मत बदललं का, मी विचारलं.

"नियम मोडला असं मला अजूनही वाटतं," ते म्हणाले. "पण मोडल्यानं लॉज बिघडला नाही, हेही दिसतंय. दोन्ही खरं आहे. मी त्यातलं एकच धरून घरी बसलो."

मुंबईच्या पाहुण्यांनी विलीनीकरणाचा विषय काढला नाही. वसंतकाका पुढच्या सभेला येणार का, हे कुणी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. निघताना मी डॉक्टरांना एक प्रश्न विचारल्याशिवाय राहिले नाही: बायकांना आत कधी घेणार? ते हसले नाहीत. आमच्या नियमात नाही, म्हणाले, आणि हे सांगताना मलाही बरं वाटत नाही.

ज्यांना जायचंय त्यांनी लक्षात ठेवा, हे काही पर्यटनस्थळ नाही. एरवी गेटला कुलूपच असतं. पण डहाणूला जा, हिवाळ्यात जा, येताना वाडीवरचे चिकू घ्या आणि घरी पेपरात गुंडाळून पिकू द्या.

सोमवारी नाशिकला पोचलो. ब्लॉग वाचणारे विचारणार, मग रहस्य कळलं का? नाही कळलं. मी गेले होते ते दारामागे काय आहे हे बघायला, आणि परत येताना डोक्यात होता तो वसंतकाकांचा प्रश्न. एखाद्यावर विश्वास आहे म्हणून न विचारणं, आणि त्याच्या शब्दाला किंमत आहे म्हणून विचारणं, यातला फरक इतकी वर्षं मुलांसमोर उभी राहूनही माझ्या ध्यानात आला नव्हता. शाळेत मुलं दिवसभर "आईशप्पथ" म्हणतात. आम्ही ऐकतो आणि सोडून देतो.

संध्याकाळी पुण्याहून नातीचा फोन आला. उद्या तिची चाचणी आहे. अभ्यास झाला का म्हटल्यावर ती एका दमात म्हणाली, "झाला आजी, आईशप्पथ."

एरवी मी "शाब्बास" म्हणून फोन ठेवला असता. या वेळी विचारलं, "आईची शपथ घेतलीयस. खरंच झालाय, असं तू मानतेस ना?"

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग ती हळूच म्हणाली, "अर्धा."