मसूदाचं उघडं दार

मसूदा बेन-हमूचं दार आणि माझं दार समोरासमोर. मध्ये चार पावलं जागा, विजेच्या मीटरची पेटी आणि तिच्या थोरल्याची मोडकी सायकल. थोरला पन्नाशीला आला तरी ती सायकल कुणी हलवली नाही. ती चार पावलं चालायला मला चाळीस वर्षं लागली. चालले ते बरं केलं की वाईट, ते अजून ठरत नाही. म्हणून लिहायला बसले.

मसूदा मोरोक्कोच्या डोंगरातली. पंचावन्न साली नवरा मखलूफ आणि दोन पोरं घेऊन यहुद्यांच्या या नव्या देशात आली. त्यांना सांगितलं होतं, समुद्राजवळचं गाव आहे. संध्याकाळी ट्रक थांबला तो वाळूत. कुणी उतरेना. मसूदानं ड्रायव्हरला विचारलं, "गाव कुठाय?" तो म्हणाला, "तुम्ही उतरलात की होईल." अशी आमच्या गावाची, दिमोनाची, सुरुवात झाली, असं ती सांगायची, आणि सांगताना दर वेळी त्या ड्रायव्हरला एक नवी शिवी घालायची. जुनी शिवी मी पुन्हा कधी ऐकली नाही.

आम्ही आठ वर्षांनी आलो, अलिबागेजवळच्या नवगावहून. आमचे हे, म्हणजे हसकेल, सासूबाई, मी, आणि माझ्या पोटात रूबेन. तोवर तंबू जाऊन चुना मारलेल्या इमारती उभ्या होत्या, नळाला कधी कधी पाणीही यायचं. मसूदा जिन्यात आमच्या ट्रंका बघत उभी होती. "आलात आयत्या बिळात नागोबा," ती म्हणाली. तेव्हा मला इथली भाषा येत नव्हती. मला वाटलं, बाई स्वागत करतेय. मी हात जोडले.

सूतगिरणीत आम्ही सगळे एकाच छपराखाली. साहेब पोलंडचे, रूमानियाचे. त्यांच्या लेखी आम्ही दोन्ही काळे, फक्त दोन जातींचे. मोरोक्कोवाले म्हणजे भांडखोर, खिशात सुरा. आम्ही हिंदी म्हणजे गरीब गाय, पण यहुदी आहेत की नाही कोण जाणे. मागाहून आलेल्या माझ्या नणंदेचं लग्न ठरलं तेव्हा इथल्या धर्मगुरूंनी तिला आईच्या आईच्या आईचं नाव विचारलं, ती कोण होती ते विचारलं. कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवतो म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. तिथं आमच्या यहुदीपणावर कुणी शंका घेतली नव्हती, इथं घेतली. मी दोरीवर कपडे घालताना हे मसूदाला सांगितलं, तर ती चिमटा दातात धरून म्हणाली, "तुझ्या आज्जीला विचारतात ना? ती बिचारी मेलेली आहे, उत्तर तरी द्यायला नको. माझ्या नवऱ्याला रोज विचारतात, सुरा कुठंय."

असं आमचं दोरीवर, जिन्यात, गिरणीच्या बसमध्ये फार जमायचं. तिची वाटी माझ्याकडे यायची, माझी तिच्याकडे जायची, आणि वाटी कुणी कधी रिकामी परत केली नाही. पण उंबऱ्यावरूनच. आत पाऊल कुणाचंच नाही.

घरं दोघांचीही अडीच खोल्यांची. त्यांची पोरं पुढं नऊ झाली, आमची तीन. मखलूफ घरांच्या कचेरीत गेला तो नऊच्या नऊ पोरं घेऊन. ती त्यानं साहेबाच्या टेबलावर रांगेनं बसवली आणि म्हणाला, "आज यांना तू झोपव." दोन महिन्यांत शेजारची भिंत फोडून त्यांना आणखी एक खोली मिळाली. आमच्या यांनी अर्ज लिहिला. काय सुंदर इंग्रजी अक्षर! शेवटी ‘आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक’. कचेरीतल्या बाईला इंग्रजी येत नव्हतं. पुढं मी दुसऱ्या कामाला गेले तेव्हा तो कागद तिच्या चहाच्या ग्लासाखाली पाहिला. घरी येऊन मी म्हटलं, "तुम्हीपण पोरं घेऊन जा." तर हे म्हणाले, "तिघांना काय नेऊ? हसतील."

गिरणीतही तसंच. मखलूफला दोनदा काढलं, दोनदा परत घेतलं, मग तो युनियनचा माणूस झाला. आमच्या यांना वीस वर्षं एका यंत्रावर शांतपणे काम केल्याबद्दल पितळेची ढाल मिळाली. हिंदी लोक शांत, हिंदी लोक कामसू, असं साहेबानं माइकवर सांगितलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. मसूदा माझ्या कानाशी लागून म्हणाली, "शेगुला, तुम्हाला शांत म्हणतात त्या दिवशी घाबरायचं असतं."

पण त्यांचंच भलं झालं असंही नाही. तिचा थोरला आर्मोंद नगरपालिकेत चिकटला, मग ठेकेदार झाला, अश्दोदला समुद्रासमोर घर घेतलं. एक पोरगा लढाईत गेला. एकाला नशेनं खाल्लं. त्यांचे वर गेले ते फार वर गेले, पडले ते फार खाली पडले. आमचे सगळे मधल्या पायरीवर बसले. रूबेन तंत्रज्ञ, एक मुलगी नर्स, एक कॅनडात. पायरी कुठलीही असो, गेले सगळेच. राहिलो आम्ही दोघी, समोरासमोर.

आता त्या चार पावलांचं सांगते.

पेसाह संपतो त्या संध्याकाळी मोरोक्कोवाल्यांची मिमुना असते. सात दिवस खमिराचं काही खायचं नसतं. ते संपलं की त्या रात्री टेबलावर मध, लोणी, दूध, पिठात खोचलेल्या हिरव्या शेंगा, आणि तव्यावरून एकावर एक उतरणाऱ्या पातळ पोळ्या, म्हणजे मुफलेता. दार सताड उघडं. ज्याला यायचं तो येतो, कुणाला बोलावत नाहीत.

आणि आम्ही कुठले? आमचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस दारफळणीचा. दारं लावून घरात बसायचं, दुसऱ्याची सावलीसुद्धा आत येऊ द्यायची नाही. पेसाहला आमच्या आज्या अनाशी ढाकाचा सण म्हणायच्या, आंबवणाचं भांडं झाकून ठेवायचं म्हणून. आमचे सण झाकणाचे.

पहिल्या वर्षी समोरचं दार उघडं पाहून मी पदर सारखा केला. सासूबाई म्हणाल्या, "कुठं निघालीस? बोलावणं आलंय?"

"नाही, पण दार उघडं आहे."

"उघड्या दारातून मांजर जातं. माणसाला बोलवावं लागतं."

मी बसले. आपल्याकडे पोर तरी पाठवतात, ‘आईनं बोलावलंय’ म्हणून. मी पोराची वाट पाहिली. आलं नाही. पुढच्या वर्षीही नाही. मला वाटलं, आपलं यहुदीपण यांनाही पटलेलं नाही. मी कधी विचारलं नाही. विचारायचं काय, मला का बोलावत नाहीस म्हणून?

तिच्याकडे मात्र मी गेले होते, बोलवायला. नव्या घरात एलियाहू हन्नबी या पैगंबराच्या नावानं मलिदा, म्हणजे गूळ-खोबऱ्याच्या पोह्यांचा प्रसाद, करायचा होता. मुंबईहून कुणीतरी नारळ आणला होता. सासूबाई आणि मी इमारतीतल्या आठही दारी जाऊन सांगून आलो, "संध्याकाळी साडेसहाला, नक्की यायचं हं." मसूदा ‘हो हो’ म्हणाली आणि आली नाही. तिच्या वाट्याचे गुळाचे पोहे मी झाकून ठेवले होते, ते दुसऱ्या दिवशी उंबऱ्यावरून दिले. तिनं घेतले. वाटी भरून परत आली.

अशी चाळीस वर्षं.

मखलूफ गेला, आमचे हे गेले. मसूदा न्हाणीघरात दोनदा पडली. पेसाहच्या आधी आर्मोंद आला, आणि जिन्यात मायलेकांचं असं भांडण झालं की वरच्या मजल्यावरची रशियन बाईसुद्धा खाली डोकावली. शेवटी तो माझ्या दाराशी आला. घाम पुसत म्हणाला, "मावशी, आईनं पैज लावलीय. मिमुनाला या इमारतीतलं एक जरी माणूस आलं, तर ती इथंच राहणार. कुणी नाही आलं, तर सणानंतर माझ्याबरोबर अश्दोदला."

"मग?"

"मग काय. येणार कोण? सगळे मोरोक्कोवाले इमारत सोडून गेले. नवे लोक कानात वायरी घालून जिना चढतात." मग तो माझ्याकडे बघून हसला. "आणि तुम्ही तर कधीच आला नाहीत. आई म्हणते, शेगुलाला आमच्या घरचं चालत नाही."

मी दाराची चौकट धरली.

"एक मागतो, मावशी. याही वर्षी येऊ नका. तिसऱ्यांदा पडली तर उचलणार कोण? तुम्ही?"

तो बरोबर होता. मला माझी पाण्याची बादली उचलवत नव्हती.

सण संपला. दिवेलागणीला मसूदानं दार उघडलं, खाली वीट लावली. मी माझं दार लावून त्याच्या भोकाला डोळा लावून बसले. पांढरं टेबलक्लॉथ, मधाची वाटी, शेंगा, आणि मसूदा हिरव्या झग्यात, डोक्याला जरीचा रुमाल. आर्मोंद मागच्या खुर्चीत घड्याळाकडे बघत. रशियन बाई वर गेली, ‘सणाच्या शुभेच्छा’ म्हणाली, थांबली नाही. दोन तरुण गेले. मग कुणीच नाही. मुफलेतांचा ढीग तिनं फडक्यानं झाकला.

मी स्वतःला म्हणत होते, शेगुला, तिच्या भल्यासाठी बस. समुद्र आहे तिकडे, नातवंडं आहेत. आणि आतून दुसरंच कुणीतरी म्हणत होतं, ती गेली तर तू सकाळी कुणाच्या शिव्या ऐकणार? हे दुसरं कुणीतरी काही तिचं भलं बघत नव्हतं. तेवढं मला कळत होतं. तरी मी उठले. खणातली निळी साडी नेसायला वेळ नव्हता, घरातल्याच झग्यात निघाले. हातात वाटीसुद्धा नाही. न बोलावता आणि रिकाम्या हातानं. सासूबाई वर असतील तिथून कपाळ बडवत असतील.

चार पावलं. उंबरा. आत.

मसूदानं वर बघितलं. फडकं काढलं, एक मुफलेता गुंडाळली, मधात बुडवली आणि माझ्या हातात दिली. मग म्हणाली, "थंड झाल्यात. चाळीस वर्षं कुठं तडमडली होतीस?"

"तू बोलावलं नाहीस."

"दार उघडं होतं की गं!"

"बोलावल्याशिवाय कसं यायचं?"

"बोलावतात पाहुण्यांना, बये. परक्यांना. तू परकी होतीस?" मग तिचंच डोकं तापलं. "आणि तू? तू माझ्या दारात उभी राहून मला वेळ सांगितलीस! साडेसहा! दवाखान्यात सांगतात तशी. मी म्हटलं, ही शेजारीण आहे की नगरपालिकेची नोटीस? आत येऊन बसली असतीस, हात धरून नेलं असतंस, तर नाचत आले असते."

"आमच्यात वेळ सांगणं म्हणजे मान देणं."

"मान!" ती म्हणाली. "मान घेऊन बसलो दोघी, आपापल्या खोलीत."

आम्ही हसलो. मग ती रडली, तोंड न झाकता, मोठ्यानं. त्यांच्यात तसंच रडतात. मी आमच्यातल्यासारखी, पदर नव्हता म्हणून बाहीत. आर्मोंद उठला, गाडीची किल्ली खिशात टाकली आणि माझ्याकडे न बघता गेला.

त्यानंतर मसूदा दहा महिने इथं राहिली. रोज सकाळी ती न सांगता माझ्याकडे यायची, किंवा मी तिच्याकडे. चाळीस वर्षांचं दहा महिन्यांत बोलून होत नाही. थंडीत ती तिसऱ्यांदा पडली. मी आत गेले तेव्हा ती पहाटेपासून फरशीवर होती. मला उचलता आली नाही. मी तिच्याजवळ फरशीवरच बसले, तिच्या अंगावर माझी शाल घातली आणि गाडी येईपर्यंत तिचा हात धरला. ती म्हणाली, "आर्मोंदला सांग, घसरले नाही, पाय मुरगळला." तिथंही पैज जिंकायची होती.

खुब्याचं हाड मोडलं होतं. अश्दोदला नेली. मी एकदा बसनं जाऊन आले. समुद्र दिसत होता, पण तिची खाट भिंतीकडे तोंड करून होती. आर्मोंदनं मला चहा दिला. एक शब्दही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. दोन महिन्यांनी ती गेली, मिमुनाच्या आधी सहा दिवस.

तिच्या घरात आता एक तरुण जोडपं आहे. त्यांनी लोखंडी दार बसवलं. सायकल हलवली.

मिमुनाच्या संध्याकाळी मी माझं दार उघडं ठेवते. मुफलेता मला जमत नाहीत, फाटतात. गुळाचे पोहे करते, वर खोबरं. बोलावत कुणालाच नाही, तिचा नियम. यंदाही ठेवलं. वीट तिचीच आहे. मी टेबलाशी बसून राहिले. रशियन बाई वरून खाली उतरली, दाराशी थबकली, आत डोकावली. आता तिचंही वय झालंय, तीही एकटीच असते. आज्जीच्या वयाची मी, नवरीसारखी केस सारखे करायला लागले.

"आजी," ती म्हणाली, "दार उघडंच राहिलंय तुमचं. चोरबीर शिरेल."

आणि मी काही बोलायच्या आत तिनं पायानं वीट बाजूला सारली, आणि अगदी मायेनं, आवाज न करता दार लावून घेतलं.

मी गुडघ्यावर हात ठेवून उठले, दार उघडलं आणि वीट परत लावली.