काम : काही नाही

सामाजिक शास्त्रांचा अर्थ आणि व्याप्ती मी फळ्यावर इतकी वर्षं लिहितोय, की हात आता आपोआप चालतो. काल सर्वेक्षणासाठी एका विद्यार्थिनीबरोबर वस्तीत गेलो. दारातल्या चुलीपाशी एक बाई भाकऱ्या थापत होती.

"काय काम करता?" विद्यार्थिनीने विचारलं.

"काही नाही, घरीच असते," ती थापता थापता म्हणाली. पोरीने तेच फॉर्मवर उतरवलं.

माझं डोकं फिरलं. "अगं, डोळ्यांसमोरचं दिसत नाही तुला?"

"सर, परवा सरावाला तुमच्याच घरचा फॉर्म भरला ना," ती हळूच म्हणाली. "काकूंच्या नावापुढे हेच लिहायला सांगितलं होतंत."

बाई थापतच होती. शास्त्राची व्याप्ती अफाट आहे, असं मीच शिकवतो. माझ्या स्वयंपाकघरापर्यंत मात्र ती अजून पोचलेली नाही.