देव्हाऱ्यातला अकीक

मला लिहायची सवय नाही. पण गुणाजी परबाबद्दल कुणीतरी थोडं लिहावं असं वाटतं, म्हणून बसलो.

भांडुपच्या टेकडीवरच्या चाळीत तो माझा शेजारी. संपात गिरणी सुटली आणि तो मुलुंडकडच्या दगडखाणीत लागला. काळा दगड फोडताना आत कधी गारगोटी निघाली की हरखून घरी आणायचा.

त्र्याऐंशी साली त्याला नारळाएवढा एक लांबट गोळा सापडला. धुळीने माखलेला, एका बाजूचा टवका उडालेला. घाटकोपरला खडे घासणारा खंभातचा एक कारागीर होता. त्याने सांगितलं, "हा अकीक. जमिनीतला तापलेला रस थंड होताना पोकळी राहिली, तिच्यात पाणी झिरपून थरावर थर बसले. आतली नक्षी बघायची तर कापावा लागेल."

गुणाजीला ती नक्षी बघायचीच होती. पण घरी त्याच्या बायकोने, सुगंधावहिनींनी, गोळा उचलून थेट देव्हाऱ्यात ठेवला. त्यांच्या गावच्या देवीचा तांदळा, म्हणजे न घडवलेला पाषाण, अगदी असाच होता.

"देवीक कोण कापतत काय?"

"अगो, खाणीतलो दगड तो."

"मगे तुमच्या गावचो देव काय गिरणीत विणलेलो?"

शेवटी देवीलाच कौल लावायचं ठरलं. दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर कापायचा, डावी पडली तर नाही. इथे कौल लावायला गुरव कुठला, तेव्हा वयाने मोठा म्हणून मला बोलावलं. त्या गोल अंगावर पाकळ्या ठरेनात, दोन्ही एकदमच घसरल्या.

"देवीच गोंधाळली," गुणाजी म्हणाला.

"तुमी गप ऱ्हवा."

वहिनींनी टवक्याची सपाट बाजू पुढे केली आणि धूळ जावी म्हणून तांब्याभर पाणी ओतलं. तशा तिथे रेषा उमटल्या. दुधी, राखाडी, मधाच्या रंगाच्या, गडाच्या तटासारख्या एकीच्या आत एक वळत गेलेल्या, आणि मधोमध एक गोल डोळा, बुबुळासकट. असा डोळा क्वचितच मिळतो, असं कारागीर नंतर म्हणाला.

आम्ही तिघे बघत राहिलो. पुन्हा लावायला उचललेल्या पाकळ्या माझ्या हातातच होत्या. हळूहळू पाणी सुकलं आणि रेषा पुसट झाल्या.

"परत ओत गो," गुणाजी हळूच म्हणाला.

कापायचं नाव पुन्हा निघालं नाही. पूर्वी देव्हाऱ्याकडे न फिरकणारा गुणाजी आता देवीची आंघोळ दुसऱ्या कुणाला करू देत नसे. सुकली की पुन्हा पाणी. वहिनी आतून ओरडत, "पुरे आता, सर्दी होतली तिका."