हळ्ळीखेडची सही

सासुरवाडीला पहिल्यांदा निघालेल्या जावयाच्या पिशवीत काय असावं याबद्दल आमच्या कोकणात बरीच मतं आहेत. माझ्या पिशवीत फणसपोळी होती, सासूबाईंसाठी साडी होती आणि मुद्रांकावर टाइप केलेलं एक प्रतिज्ञापत्र होतं. बायको तेवढी बरोबर नव्हती. ती समुद्रापलीकडे होती, आणि तिच्याकडे जायला मिळावं म्हणूनच मी पुण्याहून कलबुर्गीच्या गाडीत बसलो होतो.

सुजाता मूळची बीदर जिल्ह्यातल्या हळ्ळीखेड (बी) या गावची, पेशाने नर्स. पुण्यात माझी आई आजारी होती तेव्हा तिच्या देखभालीला ही असायची, तिथे ओळख झाली. पुढे ती युरोपातल्या एका थंड देशात गेली आणि तिथलीच नागरिक झाली. देशाचं नाव लिहीत नाही, उगाच त्यांना नाराज कशाला करा. गेल्या वर्षी ती सुट्टीवर आली तेव्हा पुण्याच्या विवाहनोंदणी कार्यालयात आमचं लग्न झालं. मग मी जोडीदाराच्या व्हिसाचा अर्ज केला आणि तो फेटाळला गेला. लग्न खरं असल्याची खात्री पटत नाही, एकाही फोटोत वधूच्या घरचं माणूस दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं.

आता यात त्यांची तरी काय चूक? घरचं माणूस आलंच नव्हतं. सुजाताचे वडील, अप्पा, पंचक्रोशीत बौद्ध पद्धतीने लग्नं लावतात. अर्ध्या तालुक्याचे संसार त्यांनी उभे करून दिलेत. लेकीचं लग्न आपल्या अंगणात आपणच लावायचं हे त्यांनी ती शाळेत असल्यापासून ठरवलेलं. पण सुट्टी संपत आली होती आणि नोंदणीची मिळाली ती तारीख घ्यावी लागली. अप्पा फोनवर "मग मी येत न्हाई" म्हणाले आणि आले नाहीत. ते नाहीत म्हणून सासूबाईही नाहीत.

व्हिसाचं काम बघणाऱ्या पुण्याच्या एजंटाने तोडगा काढला: सासऱ्यांचं प्रतिज्ञापत्र. "मी या विवाहास जातीने हजर होतो," असं त्यात ठोकून दिलेलं. सगळे असंच लिहितात म्हणाला. सुजाताला मी फोनवर विचारलं तर ती म्हणाली, "अप्पा सही करतील असं वाटत नाही. पण तू जा." दुसऱ्यांदा नकार आला तर पुढे काय, हे आम्ही दोघंही बोलत नव्हतो. रोज फोन ठेवायची वेळ आली की दोघं गप्प व्हायचो, आणि ती शांतता मला सहन होईनाशी झाली होती.

कलबुर्गीला उतरलो तेव्हा उन्हाने डोळ्यांपुढे अंधारी आली. तुरीची शेतं केव्हाच मोकळी झाली होती, काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा. बसस्थानकात पाट्या कन्नडमध्ये, आणि मी त्यांच्याकडे शहाण्यासारखा बघत उभा. हुमनाबादला बस बदलली आणि "हळ्ळीखेड" असं ओरडणाऱ्या पहिल्या गाडीत चढलो. बऱ्याच वेळाने कंडक्टरने तिकीट फाडता फाडता विचारलं, "बी का के?"

मला वाटलं सीटचा नंबर विचारतोय.

"दो हळ्ळीखेड हैं जी," शेजारचे म्हातारे चाचा दख्खनीत म्हणाले. "ये के को जारी. तुमना किसके घर जाना?"

"सासुरवाडीला."

"ससुराल का गाँव नै मालूम?" चाचा एवढे हसले की पुढच्या बाकावरच्या बायकांनी वळून बघितलं. मग त्यांनीच बस थांबवली, मला उतरवलं आणि समोरून येणाऱ्या टमटमला हात केला.

हळ्ळीखेड (बी) मोठं गाव आहे. अप्पांचं घर निळ्या रंगाचं, पुढे शेणाने सारवलेलं अंगण आणि त्यात एक बाज. बाजेवर पांढऱ्या सदऱ्यातले एक किरकोळ गृहस्थ बसले होते. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली.

"कोण पायजे?"

"मी सुहास. सुजाताचा..." माझा फोटो त्यांनी पाहिलेला असणार, तरी ते नुसते बघत राहिले.

तेवढ्यात आतून आवाज आला, "जावई हाय की वो! कामून दारातच उभं केलाव?" या माझ्या सासूबाई. सारं गाव त्यांना अक्का (थोरली बहीण) म्हणतं, म्हणून सुजाताही आईला अक्काच म्हणते. त्यांनी पायावर पाणी घातलं, पंखा माझ्याकडे वळवला आणि काही न विचारता ताट वाढलं. ज्वारीची कडक भाकरी, पुंडीची (अंबाडीची) भाजी, शेंगांची पोळी. मी भात खाणारा माणूस. ती भाकरी मोडताना असा आवाज झाला की मीच दचकलो. अक्का म्हणाल्या, "सुजातालाबी हीच लागती. तिकडं काय खायली की!" आणि पदर डोळ्यांना लावला.

माझं पुण्यात चष्म्यांचं दुकान आहे. दुसऱ्याच्या नाकावर वाकडा चष्मा दिसला की मला चैन पडत नाही, समोर सासरे का असेनात. खिशात बारका स्क्रू-ड्रायव्हर असतोच. मी अप्पांकडून चष्मा मागून घेतला, दोरा सोडला, जवळचा स्क्रू बसवला, काडी सरळ केली, काचा पुसून दिल्या. त्यांनी तो घातला, अंगणापलीकडे बघितलं आणि पहिल्यांदा जरा सैल झाले. "बरं दिसायलंय," म्हणाले. हीच संधी म्हणून मी कागद पुढे केला.

त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला. चष्मा दुरुस्त केला नसता तर कदाचित सही मिळाली असती.

"'जातीने हजर होतो.' व्हतो का मी?"

"नाही अप्पा. पण सगळेच असं..."

"मी लई लग्नं लावलो. दाखले माझ्या हातानं लिवलो. जितं उभारलो न्हाई, तितं सही केलो न्हाई. आता लेकीसाठी खोटं करू?"

"लेकीसाठी न्हाई तर कुणासाठी वो?" अक्का आतून म्हणाल्या.

मला राग आला. एवढ्या लांबून, दोन दोन हळ्ळीखेडं करत आलेलो. तोंडातून निघून गेलं, "मग यायचं होतं लग्नाला."

अप्पांनी कागदाची नीट घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली. "व्हय," ते म्हणाले. "यायचं व्हतं." आणि उठून आत गेले.

सकाळी मी पिशवी भरत होतो तर अप्पा तयार होऊन उभे. "चला. चिंताकीला लग्न हाय. हितं बसून काय करायलाव?" माझा फुलाफुलांचा शर्ट त्यांना पसंत पडला नाही. त्यांनी स्वतःचा एक पांढरा सदरा काढून दिला. तो मला खांद्यात एवढा घट्ट की हात वर केला तर उसवणार. दिवसभर मी हात खाली ठेवूनच वावरलो.

चिंताकी औराद तालुक्यात, तेलंगणाच्या अंगाला. बीदरपर्यंत एक बस, पुढे दुसरी. बीदर सोडलं की माती विटेसारखी लाल होते, बांधांवर बाभळी, मधेच एखादं चिंचेचं झाड आणि त्याखाली उन्हाला टेकलेली म्हसरं. अप्पांनी मला खिडकी दिली. एकदाच विचारलं, "तिकडं घर हाय का तिला? थंडी लई हाय म्हनं."

"एक खोली आहे. दोघांपुरती."

"हं," एवढंच म्हणाले. औरादनंतर बसमध्ये मराठी, कन्नड आणि तेलुगू अशी सरमिसळ सुरू झाली की एकाच भांडणात तिन्ही ऐकू येत होत्या. ते भांडण खिडकी उघडी ठेवण्यावरून होतं एवढं मात्र मला समजलं.

लग्न साधं आणि देखणं होतं. मांडवात बुद्धमूर्ती, पुढे मेणबत्त्या, नवरा-नवरी दोघं पांढऱ्या कपड्यांत. किरकोळ अप्पा माइकपुढे उभे राहिले आणि त्यांचा आवाज घुमायला लागला. त्रिशरण झालं, पंचशील झालं. मग त्यांनी दोघांकडून एकेक वचन वदवून घेतलं. नवरा पुटपुटला की अप्पा थांबायचे, "मागच्या पाव्हण्याला ऐकू आलं न्हाई," म्हणायचे आणि पुन्हा म्हणवून घ्यायचे. ते बघताना मला पहिल्यांदा कळलं की आपल्या लग्नात या माणसाचं काय राहून गेलं. आमच्या लग्नात कारकुनाने "इथे सही, इथे सही" म्हटलं होतं आणि पाठोपाठ पुढच्या जोडप्याला हाक मारली होती. मला वाईट वाटलं, आणि ते सुजाताबद्दल अधिक वाटलं.

हार घालून झाले, फुलं पडली. लोक उठायला लागले तशी अप्पांनी माइकवर थाप मारली.

"बसा जरा. आजच्या पाव्हण्यांत माझा जावई हाय. उभारा, जावईबापू."

मी उभा राहिलो. हात खालीच.

"ह्येंचं लग्न मी लावलो न्हाई. पुण्याला हाफिसात झालं. मी रागानं गेलो न्हाई, ती चूक माझी. पर जावई हाय माझा. नीट बघा, वळकून ठेवा."

आणि चिंताकीने मला बघितलं. बायका जवळ आल्या. एका आजीने माझ्या तोंडावरून हात फिरवून विचारलं, "लेक कुटाय?"

"परदेशात, आजी."

"मग तुमी हितं काय करायलाव?"

"तिच्याकडं जायलाच धडपड करायलोय," मी त्यांच्याच बोलीत म्हणालो. आजी हसल्या नाहीत. त्यांनी मला हाताला धरून पंगतीत बसवलं आणि हुग्गी (गव्हाची गुळातली खीर) स्वतः वाढली. नंतर फोटो झाले. अप्पा प्रत्येक फोटोत रेशनकार्डावर असावेत तसे ताठ.

हळ्ळीखेडला परतल्यावर त्यांनी कोरा कागद मागितला आणि बाजेवर बसून एकटाकी लिहिलं. सही केली. वाचून दाखवलं नाही, मीही विचारलं नाही. निघताना पांढरा सदरा काढायला लागलो तर अक्का म्हणाल्या, "राहू द्या. आता तुमचाच हाय."

कलबुर्गीला गाडी सुटल्यावर कागद उघडला. "मी माझ्या मुलीच्या लग्नाला हजर नव्हतो. मला राग आला होता. तो थोडा अजून आहे. परक्या माणसाचा असा राग येत नाही. सुहास माझा जावई आहे, हे मी चिंताकी येथे भर मांडवात सांगितले आहे." पुढेही होतं. वाचता वाचता मला रडू आलं. समोरच्या बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली.

एजंटाने डोक्याला हात लावला. हा कागद जोडू नका, आपल्याच हाताने आपलं नुकसान, म्हणाला. तरी मी तो भाषांतराला दिला, तर त्या बाईंचाही फोन आला, "शेवटची वाक्यं तशीच ठेवू का?" ती अशी होती: "मुलीचे लग्न माझ्या हाताने लावायचे राहिले आहे. ते मी लावणार आहे. त्यासाठी दोघांनी जोडीने इकडे आले पाहिजे. म्हणून आधी याला तिकडे जाऊ द्यावे, ही विनंती."

"शब्दही बदलू नका," मी सांगितलं.

व्हिसा आला. कोणत्या कागदाने आला हे त्यांनी कळवलेलं नाही, पण मला माहीत आहे. सुजाता फोनवर नुसती रडली, आणि त्या दिवशी फोन ठेवायची घाई कोणालाच नव्हती. मग हळ्ळीखेडला फोन लावला. अप्पांनी अभिनंदन वगैरे काही केलं नाही. "मांडव कधी घालू ते सांगा," म्हणाले.

काल सामान भरलं. लोकरीचे कपडे, फणसपोळी, अक्कांनी पाठवलेल्या कडक भाकऱ्यांचा डबा. पांढरा सदराही ठेवला होता. मग तो बाहेर काढला, खांद्यात सैल करायला शिंप्याकडे दिला आणि सांगितलं, झाला की माझ्या भावाकडे द्या. तो इथेच, अप्पांच्या मांडवात लागणार आहे.