दाईचं इलेक्शन

"तुले पयलं रडवलं ते म्याच," असं ती भर चौकात म्हणायची आणि मिशा फुटलेला गडी लाजून पानठेल्यामागे सरकायचा. नागपुरातल्या आमच्या वस्तीची ती दाई. निम्मी वस्ती तिच्या हातावर जन्मलेली, त्यामुळे तिच्यापुढे ऐट दाखवायची कुणाची टाप नव्हती.

साठच्या दशकात ती महापालिकेच्या निवडणुकीला उभी राहिली. आदल्या उन्हाळ्यात वस्तीतली एक पोर बाळंतपणात अडली आणि मोठ्या दवाखान्यात नेताना सायकलरिक्षातच, दाईच्या मांडीवर गेली. वस्तीत महापालिकेचं प्रसूतिगृह हवं, एवढंच तिचं मागणं होतं.

"मग तुमचा धंदा?" मी विचारलं.

"बुडू दे ना बाप्पा. धरमपेठच्या बाया मोटारीत बसून जातात. आपल्या पोरींनी काहून रिक्षात मरावं?"

प्रचार मात्र तिला मुळीच जमला नाही. मत मागायला घरात शिरायची आणि सुनेला गूळ-शेंगदाणे खायला बजावून बाहेर पडायची. आम्ही झेंडे धरून दारात ताटकळलेले. पण घरोघर चहा झाला, तोही मायेनं. तुम्हीही आमच्याबरोबर असता, तर तुम्हालाही वाटलं असतं की बाई आलीच निवडून.

ती सपाटून पडली.

का, ते माझ्याच घरात कळलं. बायकोला तेव्हा आठवा महिना होता. ती शांतपणे म्हणाली, "बाई तिकडं मिटिंगीत जाऊन बसल्या असत्या, त माह्याकडे कोण आलं असतं?" वस्तीतल्या बहुतेक बायांनी हाच विचार केला होता. मला हसूही आलं आणि फार वाईटही वाटलं. जीव होता म्हणूनच त्यांनी तिला पाडलं होतं.

महिनाभरानं तीच आमच्याकडे आली. मी दाराबाहेर येरझारा घालत होतो. कळांच्या मध्येच बायकोचा आवाज आला, "बाई, म्या तुमाले मत नाही देलं."

"मालूम हाय मले. आता बोलू नको, जोर लाव."

मुलगी झाली.

प्रसूतिगृह झालं, पण फार उशिरा. तोवर दाई गेली होती. आमच्या त्याच मुलीचं पहिलं बाळंतपण तिथं झालं. स्वच्छ खाटा, गुणी नर्सबाई, नाव ठेवायला कुठे जागा नव्हती. नातू झाल्याचं कळलं तेव्हा आम्ही दोघं बाहेर बाकावर बसलो होतो.

"बाई आता उभ्या राहिल्या असत्या, त देलं असतं मत," बायको म्हणाली.